पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ: मराठी मिडीयमवाल्यांनी इंग्रजीतले फ्रेजल व्हर्ब आणि कोलोकेशन कसे शिकावेत

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर आम्ही पुढं गेलो होतो. ग्रामर मला चांगलं जमायचं, टेन्स, ॲक्टिव्ह पॅसिव्ह, डायरेक्ट इनडायरेक्ट सगळं. तरी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि बाहेरच्या कस्टमरचे मेल वाचायची वेळ आली तेव्हा कळलं की वाक्यातला एकेक शब्द ओळखीचा असतो आणि तरी वाक्य कळत नाही.

एक मेल मी कधीच विसरणार नाही. "प्लीज होल्ड ऑन टू द रिजेक्टेड पीसेस अंटिल अवर इंजिनिअर व्हिजिट्स." फोनवर ‘होल्ड ऑन’ म्हणजे थांबा, हे मला माहीत होतं. म्हणून मी अर्थ काढला की इंजिनिअर येईपर्यंत रिजेक्ट पीसचं काम थांबवा. रिवर्क थांबवलं. महिनाअखेरीला स्क्रॅपची गाडी आली, पीस तिच्यात गेले, मी अडवले नाहीत कारण अडवायचं असतं हे मला त्या वाक्यात दिसलंच नव्हतं. ‘होल्ड ऑन टू’ म्हणजे स्वतःजवळ सांभाळून ठेवा, जाऊ देऊ नका. दोन आठवड्यांनी इंजिनिअर आला आणि पहिला प्रश्न, पीस कुठायत. तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून मला घाम फुटला होता.

त्या ‘टू’नंतर मी ह्याच गोष्टीच्या मागं लागलो. पहिली दोन वर्षं चुकीच्या पद्धतीनं घालवली, याद्या पाठ करत. मग हळूहळू रस्ता सापडला. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून जसं केलं तसं लिहून ठेवतो.

आधी तीन नावं

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आऊट, ऑन असला छोटा शब्द जोडला जातो आणि बऱ्याचदा अर्थच बदलतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे. कोलोकेशन म्हणजे कोणता शब्द कोणाबरोबर बसतो ते. अर्थ सरळच असतो, फक्त जोडी ठरलेली असते. आणि इडियम म्हणजे आपला वाक्प्रचार.

हे अवघड वाटतंय म्हणून मन खट्टू करू नका. सॅम्युअल जॉन्सननी १७५५ साली इंग्रजीची मोठी डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाच्या मागं छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही जी पद्धत आहे, तिचा परदेशी लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज माणसानंच हे कबूल केलेलं आहे.

काय काय लागतं

- एक दोनशे पानी वही. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, वहीच. का ते पुढं सांगतो.
- मोबाईलवर शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांच्याही वेबसाइटवर फुकट बघता येते. ‘शिकणाऱ्यांसाठीची’ हा शब्द महत्त्वाचा, कारण तिच्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो आणि प्रत्येकाला उदाहरणाचं वाक्य असतं.
- अंकी नावाचं ॲप, उजळणीसाठी. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.
- रोज येईल असं खरंखुरं इंग्रजी. ऑफिसचे मेल असतील तर उत्तम, नसतील तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे एपिसोड चालतील.
- रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून सोमवार ते शनिवार वही न उघडणं, ह्यानं काही होत नाही, मी करून बघितलंय.

क्लास लावावाच असं नाही. लावलात तर आधी विचारा की वाक्यं बोलून घेता का नुसती यादी लिहून देता.

१. पहिलं पाऊल: आपल्या मराठीकडं नीट बघा

ही पायरी कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत आणि मला तर हीच सगळ्यात जास्त कामाला आली. आपल्या ‘लागणे’ ह्या एकाच क्रियापदाचं बघा. माझ्या मायच्या रोजच्या बोलण्यातलं सांगतो. भूक लागली. ऊन लागलं. बोअरला पाणी लागलं. पोराला नोकरी लागली. निकाल लागला. एसटीत बसलं की मला गाडी लागते. परभणीची गाडी फलाटाला लागली. आमटी गोड लागायली. पायाला दगड लागला. त्याच्या नादी लागू नको.

एकच ‘लागणे’ आणि अर्थ दहा. त्यात ‘गाडी लागते’ आणि ‘गाडी लागली’ ह्यात तर शब्द पण तेच, एकीत पोटात ढवळतं आणि दुसरीत आपण बॅग उचलून पळतो. मायला कुणी ह्याची यादी दिली नव्हती. तिच्यासाठी ‘लागणे’चे दहा अर्थ नाहीतच, तिच्यासाठी ‘भूक लागणे’ ही एक वस्तू आहे आणि ‘पाणी लागणे’ ही दुसरी. आता समजा एखादा परदेशी माणूस मराठी शिकायलाय, त्यानं डिक्शनरीत लागणे म्हणजे स्पर्श होणे एवढंच वाचलंय आणि त्याच्यापुढं आलं ‘बोअरला पाणी लागलं’. त्याची जी अवस्था होईल तीच आपली ‘गेट’ आणि ‘पुट’पुढं होते.

कोलोकेशनचं पण तसंच. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, चांदणं टिपूर, अंधार काळाकुट्ट. कुणी ‘मुसळधार वारा’ म्हणलं तर अर्थ कळेल, पण माणूस बाहेरचा आहे हे पण कळेल. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. का, ह्याला उत्तर नाही. आपल्याकडं तरी कुठंय?

म्हणून पहिल्या आठवड्यात इंग्रजीला हातच लावू नका. घरात, मोंढ्यात, चहाच्या टपरीवर लोक काय बोलायलेत ते ऐका आणि ‘बसणे’, ‘पडणे’, ‘काढणे’, ‘मारणे’ ह्यांची वाक्यं वहीत लिहा. महाग पडलं, आजारी पडला, अडून बसला, दिवस काढले, फोटो काढला, फोन मार, चक्कर मार. एकदा हे डोळ्यापुढं आलं की ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’, ‘गेट अवे विथ’ बघून चिडचिड होत नाही.

२. जे आधीच तोंडात आहेत ते गोळा करा

तुम्हाला वाटतं तुम्हाला एकही फ्रेजल व्हर्ब येत नाही. चुकीचं आहे. एमआयडीसीत कुणालाही विचारा: मशीन ब्रेकडाऊन झाली, सेटअप बदलायचाय, फॉलोअप घे, शिफ्टचा हँडओव्हर दे, दिवाळीत शटडाऊन आहे, डेटाचा बॅकअप घेतला का. गावाकडं पण डॉक्टरकडं चेकअप असतो, गावात पिकअप गाडी येते, लग्नात मेकअपवाली येते. हे सगळे फ्रेजल व्हर्बपासून झालेली नामं आहेत. मी असे ४२ शब्द काढले होते एका संध्याकाळी.

आता काम एवढंच करायचं की त्याच नामाचं परत क्रियापद करायचं. ब्रेकडाऊन वरून ‘द मशीन ब्रोक डाऊन ॲट फोर’. सेटअप वरून ‘वी सेट अप द मशीन यस्टरडे’. फॉलोअप वरून ‘आय विल फॉलो अप विथ द सप्लायर’.

इथं एक खड्डा आहे. मराठीत आपण ‘सेटअप केलं’, ‘बॅकअप घेतला’ असं ‘करणे-घेणे’ लावून बोलतो आणि मग इंग्रजीत लिहिताना ‘आय डिड सेटअप’ येतं. ‘आय सेट इट अप’ म्हणा. लिहिताना नाम असेल तर बहुतेक वेळा एक शब्द, क्रियापद असेल तर दोन वेगळे शब्द. बोलताना पण फरक आहे, नामात जोर पहिल्या भागावर, ‘बॅक’अप, आणि क्रियापदात जोर मागच्या छोट्या शब्दावर, बॅक ‘अप’. आणि उलटसुलट शब्दांपासून सावध: ‘ओव्हरटेक’ म्हणजे गाडी पुढं काढणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. मेलमध्ये ह्यांची अदलाबदल झाली तर वाचणारा गोंधळतो.

३. शंभरावर थांबा, आणि यादी एकत्र पाठ करू नका

माझा पुतण्या नांदेडला बँकेच्या परीक्षेची तयारी करायलाय. त्याच्याकडं सहाशे फ्रेजल व्हर्बची पीडीएफ होती, ए बी सी डी अशा क्रमानं. चार दिवस त्यानं ‘ब्रेक’चे सगळे पाठ केले, ब्रेक अप, ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रेक आऊट, ब्रेक ऑफ, ब्रेक थ्रू. पाचव्या दिवशी मी विचारलं तर सगळे एकमेकांत मिसळलेले. त्याची काही चूक नाही. सारखे दिसणारे सहा जण एकाच वेळी भेटले तर कुणाचंच नाव लक्षात राहत नाही. मी त्याला म्हणलं, आज ‘ब्रेक डाऊन’ घे, ‘फाइंड आऊट’ घे आणि ‘कॅरी ऑन’ घे. तिघांचे चेहरे वेगळे.

आणि सहाशे लागतातच कुठं? १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून खऱ्याखुऱ्या इंग्रजीचा एक साठा आहे. त्याच्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की त्यात जितक्या वेळा फ्रेजल व्हर्ब आले त्यातले जवळपास एक तृतीयांश वेळा फक्त २५ ठरावीकच होते आणि १०० धरले तर निम्म्याहून जास्त. गो ऑन, कॅरी आऊट, सेट अप, पिक अप, फाइंड आऊट, पॉइंट आऊट, टेक ओव्हर, वर्क आऊट ही त्या २५ मधलीच मंडळी.

पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट पण आहे, ती लोक सांगत नाहीत. ह्या शंभरांपैकी प्रत्येकाला सरासरी पाचाहून जास्त अर्थ आहेत. ‘पिक अप’ म्हणजे खाली पडलेलं उचलणे, स्टँडवरून कुणाला घेऊन येणे, फोन उचलणे, ऐकून ऐकून भाषा शिकणे आणि धंद्याला जोर येणे पण. सगळे एका दिवशी घेऊ नका. ज्या वाक्यात भेटला तेवढाच अर्थ घ्या, बाकीचे भेटतील तेव्हा बघू.

४. छोट्या शब्दाची चाल ओळखा

अप, ऑफ, आऊट, ऑन ह्यांना स्वतःची एक चाल असते. नियम नाही, चाल. ‘अप’ बऱ्याच वेळा ‘पूर्ण, शिल्लक न ठेवता’ असं सांगतो. ईट अप, यूज अप, ड्राय अप, फिनिश अप. आपण नाही का ‘टाकणे’ लावत, खाऊन टाक, वापरून टाकलं, संपवून टाक. तेच काम. ‘ऑफ’मध्ये तुटणे, वेगळं होणे असतं: कट ऑफ, टेक ऑफ, स्विच ऑफ. ‘ऑन’मध्ये चालू राहणे: गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन. ‘आऊट’मध्ये कधी बाहेर येणे, उघडकीला येणे, फाइंड आऊट, पॉइंट आऊट, तर कधी संपून जाणे, रन आऊट, सेल आऊट.

ह्याचा उपयोग अंदाजापुरता. ‘अप’ म्हणजे पूर्ण असं धरून ‘पुट अप विथ’ला गेलात तर फसाल, त्याचा अर्थ सहन करणे. अंदाज बांधा आणि मग डिक्शनरीत बघाच.

५. ‘इट’ कुठं बसतो ते प्रत्येक वेळी बघा

इथं जास्त वेळ द्या, कारण इथं चूक झाली की ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतं.

मोटार बंद कर: ‘टर्न ऑफ द पंप’ पण बरोबर, ‘टर्न द पंप ऑफ’ पण बरोबर. पण मोटारीच्या ऐवजी ‘इट’ आला की तो मधेच बसला पाहिजे, ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हणायचं नाही. पुट इट ऑफ, पिक हिम अप, फिल इट इन, सगळ्यांचं असंच.

दुसऱ्या गटात मधे कुणालाच जागा नाही. ‘लुक आफ्टर हिम’, त्याची काळजी घे. ‘लुक हिम आफ्टर’ होत नाही. ‘लुक इनटू इट’, त्यात लक्ष घालतो, चौकशी करतो.

तिसरा गट तीन शब्दांचा. पुट अप विथ, रन आऊट ऑफ, कम अप विथ, लुक फॉरवर्ड टू, आणि माझा तो होल्ड ऑन टू. हे एका श्वासात म्हणायचे, मधे काही घुसवायचं नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढं क्रियापद आलं तर आयएनजी लागतं, ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. आपल्याकडच्या निम्म्या मेलमध्ये ‘टू मीट यू’ असतं कारण शाळेत ‘टू’च्या पुढं मूळ क्रियापद हे इतकं घोटलेलं असतं.

हे पाठ कसं करायचं? करू नका. ऑक्सफर्डच्या शिकाऊंसाठीच्या डिक्शनरीत फ्रेजल व्हर्ब काढला की त्यातच ‘समथिंग’, ‘समबडी’ हे शब्द कुठं बसतात ते छापलेलं असतं, आणि वस्तू दोन्हीकडं चालत असेल तर तिथं दोन्हीकडं टोक असलेला एक बाण असतो. तो बाण बघायची सवय लावा. मी अर्थ बघायचो आणि बंद करायचो, बाणाकडं एक वर्ष लक्षच गेलं नाही, आणि कुणी सांगितलं पण नाही.

६. कोलोकेशन: मराठीतून सरळ उचलू नका

आपली जास्तीत जास्त फजिती इथं होते, कारण वाक्य ग्रामरनं बरोबर असतं आणि तरी चुकतं.

‘कडक’ घ्या. कडक चहा म्हणजे ‘स्ट्राँग टी’. कडक मास्तर म्हणजे ‘स्ट्रिक्ट टीचर’. कडक इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर ‘स्टिफ’. कडक झालेली भाकरी ‘हार्ड’. आपलं एप्रिल-मे मधलं कडक ऊन ‘स्कॉर्चिंग’ किंवा ‘ब्लेझिंग सन’, आणि डिसेंबरातली कडाक्याची थंडी ‘बिटर कोल्ड’. मराठीत एक शब्द, इंग्रजीत सहा, कारण तिथं प्रत्येक नामाचा जोडीदार वेगळा आहे. म्हणून वहीत ‘कडक’चा अर्थ लिहायचा नाही. नामाचं पान करायचं. ‘टी’ लिहा आणि त्याच्याभोवती स्ट्राँग, वीक, मेक अ कप ऑफ. ‘डिसिजन’ लिहा आणि भोवती मेक, टफ, फायनल.

क्रियापदाचे नेहमीचे खड्डे:

- चूक करणे: ‘डू मिस्टेक’ नाही, ‘मेक अ मिस्टेक’.
- परीक्षा देणे: आपण ‘गिव्ह एक्झाम’ म्हणतो, भारतात चालून जातं, बाहेरच्या माणसाला वाटतं तुम्ही पेपर काढता. ‘टेक ॲन एक्झाम’.
- लक्ष देणे: ‘पे अटेन्शन’.
- स्वप्न बघणे: ‘हॅव अ ड्रीम’. आपण बघतो, ते बाळगतात.
- सिगारेट पिणे: ‘स्मोक’. ‘ड्रिंक’ कधीच नाही.
- ताप येणे: ‘फीव्हर केम’ नाही, ‘आय हॅव अ फीव्हर’.
- घर भाड्यानं देणे: ‘रेंट आऊट’, आणि भाड्यानं घेणे नुसतं ‘रेंट’. संभाजीनगरला खोली शोधणाऱ्यांनी हे नीट बघा.

आणि काही इंग्रजी आपलं आपणच तयार केलंय. ‘कोप अप विथ’ चुकीचं, ‘कोप विथ’ एवढंच. ‘डिस्कस अबाउट’ चुकीचं, डिस्कसला अबाउट लागतच नाही. ‘पासआऊट’चं तर जरा जपूनच, आपण ‘२०१५ ला पासआऊट झालो’ म्हणतो पण बाहेरच्या बहुतेक लोकांना ‘पास्ड आऊट’ म्हणजे चक्कर येऊन पडला असंच ऐकू येतं. लष्करात ‘पासिंग आऊट परेड’ असते ती वेगळी. इंटरव्ह्यूत ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१५’ म्हणा. ‘प्रीपोन’ हा आपला भारतीय शब्द चांगलाय आणि मोठ्या डिक्शनरीत पण आलाय, पण कस्टमर परदेशी असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा, ‘कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टू मंडे’.

७. वहीचं पान

आता वही. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं सांगतो.

वर मोठ्या अक्षरात: पुट समथिंग ऑफ.
खाली, जिथं भेटला ते वाक्य: "द ऑडिट हॅज बीन पुट ऑफ अंटिल मार्च." मेल, ११ जानेवारी.
त्याच्या खाली मराठी, पण डिक्शनरीचं नाही. आमचे आबा म्हणतील तसं: पुढं ढकललं.
त्याच्या खाली माझं स्वतःचं, खरं घडलेलं वाक्य: "माय फादर पुट ऑफ द सोइंग बिकॉज द रेन्स केम लेट."

ते चौथं वाक्य लिहिताना मला तो जून आठवला. बियाणं घरात, रान तयार, आबा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मावळतीकडं बघायचे आणि म्हणायचे, आणखी दोन दिवस बघू. शेजाऱ्यानं घाई केली आणि त्याला दुबार पेरणी करावी लागली. ‘पुट ऑफ’ माझ्या डोक्यातून आता कधीच जाणार नाही, कारण तो पीडीएफमधला राहिलाच नाही, आमच्या ओसरीवरचा झालाय.

म्हणून वहीच पाहिजे, हातानं लिहिताना माणूस थांबतो आणि आपलं वाक्य शोधतो. आणि आपल्याकडं अशा वाक्यांना तोटा नाही. ‘वी रॅन आऊट ऑफ वॉटर इन एप्रिल’, पाणी संपलं, टँकर सुरू झाले. ‘द वेल ड्राइड अप’, विहीर आटली. ‘द रेन लेट अप’, पाऊस ओसरला. ‘सोयाबीन प्रायसेस वेंट डाऊन’. ‘द बस ब्रोक डाऊन निअर जालना’. ‘आय ग्रू अप इन अ स्मॉल व्हिलेज’, हे तर इंटरव्ह्यूत पहिल्या मिनिटाला लागतं.

संध्याकाळी तेच वाक्य अंकीत टाका, पण छोट्या शब्दाची जागा रिकामी ठेवून: "माय फादर पुट ___ द सोइंग." कार्डावर नुसता शब्द आणि मागं मराठी अर्थ असं ठेवू नका, ते परत यादी पाठ केल्यासारखंच होतं. दिवसाला तीन नवीन कार्डं, जास्त नाही. मी जोशात वीस-वीस टाकायचो, महिन्याभरात उजळणीचा एवढा डोंगर झाला की ॲप उघडायचंच बंद केलं.

८. ऐकणं

वाचताना ‘टर्न इट ऑफ’ तीन शब्द दिसतात, कानावर पडतं ‘टर्निटॉफ’. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’ होतं. कॉलवर समजत नाही त्याचं निम्मं कारण हेच, शब्द माहीत असतो पण आवाज माहीत नसतो. यूग्लिश नावाची वेबसाइट आहे, तिच्यात ‘टर्न इट ऑफ’ टाकलं की यूट्यूबवरच्या व्हिडीओत लोक ते जिथं बोललेत बरोबर तिथूनच ऐकवते. पाच वेगवेगळ्या लोकांचं ऐका आणि मागोमाग मोठ्यानं म्हणा. खोलीवर पोरं असतील तर गच्चीवर जा, पण मोठ्यानंच म्हणा.

९. इडियम सगळ्यात शेवटी

इडियम समजणं गरजेचं, वापरणं नाही. शाळेत शिकवलेलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ मी इतक्या वर्षांच्या कॉलमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कामात येतात ते हे: ‘ऑन द सेम पेज’ म्हणजे सगळ्यांचं एकमत, सगळ्यांना सारखं समजलंय. ‘कीप मी इन द लूप’, मला पण कळवत राहा. ‘कट कॉर्नर्स’, पैसा किंवा वेळ वाचवायला कामात कुचराई करणे, क्वालिटीवाल्याला हा पाहिजेच. ‘बॉलपार्क फिगर’, अंदाजे आकडा, हा बेसबॉलमधून आलाय. क्रिकेटमधून आलेले पण आहेत, ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीत, हा आपल्याला पटकन कळतो, पण अमेरिकन माणसापुढं वापरू नका, त्याला क्रिकेट माहीत नसतं.

इडियमचा एक शब्द पण बदलायचा नाही. ‘डोळ्यात धूळ फेकली’च्या जागी कुणी ‘नेत्रात माती टाकली’ म्हणलं तर कसं वाटेल, तसं. आणि मराठी वाक्प्रचाराचं भाषांतर तर अजिबात नको, ‘नाकी नऊ आले’चं इंग्रजी करायला जाऊ नका, ‘इट वॉज रिअली टफ’ म्हणा.

एसएससी सीजीएलसारख्या परीक्षा देणाऱ्यांना इडियम टाळता येत नाहीत, तिथं त्यावर प्रश्नच असतात. त्यांनी मागच्या वर्षांचे पेपर घ्यावेत, त्यातले इडियम काढावेत आणि त्यांना पण वहीची तीच पद्धत लावावी.

१०. वापरायला सुरुवात, आधी लिहिण्यात

बोलताना विचार करायला वेळ नसतो, म्हणून मेलपासून सुरू करा. आपली मराठी मिडीयमची सवय जड शब्दांची, ‘पोस्टपोन’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘टॉलरेट’. चूक नाहीत ते, रिपोर्टमध्ये तेच पाहिजेत. पण सहकाऱ्याला रोजच्या मेलमध्ये सगळीकडं तेच लिहिलं तर ‘जलप्राशन केले’ म्हणल्यासारखं होतं. तिथं पुट ऑफ, लुक इनटू, पुट अप विथ चांगले वाटतात. उलट तक्रारीच्या अधिकृत पत्रात ‘पुट अप विथ’ हलकं वाटू शकतं. कोण वाचणार आहे ते बघून ठरवा.

पहिल्या महिन्यात चारच वाक्यं पक्की करा आणि रोज कुठल्यातरी मेलमध्ये बसवा. ‘आय विल लुक इनटू इट’, बघून सांगतो. ‘आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे’, शुक्रवारपर्यंत कळवतो. ‘थँक्स फॉर पॉइंटिंग धिस आऊट’, लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. ‘कुड यू फिल मी इन?’, मी नव्हतो तेव्हा काय झालं ते सांगता का.

आणि समजलं नसेल तर विचारा. त्या स्क्रॅपच्या प्रकारानंतर मी एक पाचवं वाक्य पण ठेवलंय, अजून पण महिन्यातून एखाद-दोन वेळा पाठवतो: ‘जस्ट टू बी शुअर, डू यू वाँट अस टू कीप द पीसेस हिअर?’ एकाही कस्टमरनं ह्याच्यावर नाराजी दाखवली नाही, बहुतेकांचं उत्तर तासाभरात येतं.